जुन्या लॅपटॉपला अपडेट किती वर्षं मिळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून घरातले, सोसायटीतले, ओळखीतले सगळे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतायत, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो कारण निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात. अपडेटची मुदत तुमच्या बिलावरच्या तारखेपासून मोजत नाहीत. ते मॉडेल किंवा आतली चिप बाजारात कधी आली आणि कंपनीने आपल्या यादीत रेघ कुठे मारली, यावर सगळं ठरतं. म्हणजे काल घेतलेल्या लॅपटॉपची निम्मी मुदत आधीच संपलेली असू शकते, आणि दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही, आपल्यालाच विचारावं लागतं.

सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडणार का?

नाही. दुसऱ्या दिवशीही तो तसाच चालू होतो, फाइली तशाच असतात, प्रिंटर चालतो, युट्युब चालतं. बंद काय होतं, तर दर महिन्याला येणाऱ्या सिक्युरिटीच्या दुरुस्त्या. विंडोजमध्ये दर महिन्याला नवीन चुका सापडतात, मायक्रोसॉफ्ट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्या बुजवते (आपल्याकडे तोवर मंगळवारची रात्र किंवा बुधवारची सकाळ उजाडलेली असते). सपोर्ट संपला की पुढे सापडलेली चूक तुमच्या मशीनमध्ये कायमची उघडी राहते. आणि त्यात वाईट हे की नव्या विंडोजसाठी आलेली दुरुस्ती बघून हल्लेखोरांना कळतं जुन्यात भोक कुठे असेल ते, कारण दोन्हींत आतला बराचसा कोड एकच आहे. म्हणून पहिल्या महिन्यात काहीच जाणवत नाही आणि धोका महिन्यागणिक साठत जातो.

लॅपटॉप एका कंपनीचा, विंडोज मायक्रोसॉफ्टची, मग अपडेट द्यायचं कुणी?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरा घोळ इथेच आहे. एका मशीनमध्ये निदान चार वेगवेगळ्या मुदती चालू असतात. ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत मायक्रोसॉफ्ट, ॲपल किंवा गुगल ठरवते. बायोसची, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जो प्रोग्राम चालतो त्याची, डेल, एचपी, लेनोवो, एसर, आसुस यांच्यापैकी ज्याचा लॅपटॉप असेल तो ठरवतो. ड्रायव्हरची, म्हणजे ग्राफिक, वायफाय असे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची मुदत इंटेल, एएमडी, एनव्हीडिया यांच्या हातात. आणि चौथी मुदत तुमच्या ॲप्सची, म्हणजे क्रोम, ऑफिस, टॅली वगैरे.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोन चुका जाहीर झाल्या तेव्हा हे सगळ्यांना कळलं. चूक प्रोसेसरच्या रचनेतच होती, त्यामुळे विंडोजचं अपडेट पुरेसं नव्हतं, प्रोसेसरचा मायक्रोकोडही (चिपच्या आतल्या सूचना) बदलावा लागला आणि तो बऱ्याच मशीनवर बायोस अपडेटमधूनच यायचा होता. ज्यांच्या मॉडेलसाठी कंपनीने बायोस काढणं आधीच थांबवलं होतं त्यांना नवीन विंडोज असूनही वाट बघत बसावं लागलं.

तुमच्या मशीनचं बघायचं असेल तर लॅपटॉपच्या खाली चिकटवलेला सिरियल नंबर (डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात) कंपनीच्या सपोर्ट साइटवर टाका, ड्रायव्हर आणि डाउनलोडच्या पानावर बायोस शोधा आणि शेवटच्या बायोसची तारीख बघा. ती तारीख तीन-चार वर्षं जुनी असेल तर समजा की कंपनीने त्या मॉडेलकडे बघणं सोडलंय. बायोस अपडेट करताना मात्र चार्जर लावलेला हवा आणि मध्ये मशीन बंद करायचं नाही, पावसाळ्यात लाइट जात असेल आणि बॅटरी उतरलेली असेल तर त्या दिवशी हात लावू नका.

विंडोजला साधारण किती वर्षं मिळतात?

आतापर्यंतचा हिशोब बघा. एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ ला संपली, म्हणजे साडेबारा वर्षं. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ ते १४ जानेवारी २०२०. विंडोज १० जुलै २०१५ ते ऑक्टोबर २०२५. म्हणजे दहा वर्षांचा ठोकताळा बरोबर आहे, पण ही दहा वर्षं विंडोजची आहेत, तुमच्या लॅपटॉपची नाहीत. २०१९ मध्ये विंडोज १० वाला लॅपटॉप घेतला आणि त्यावर विंडोज ११ चढत नसेल तर तुमच्या वाट्याला सहाच वर्षं आली.

विंडोज ११ मध्ये आणखी एक फिरकी आहे. दरवर्षी नवीन आवृत्ती येते, तिला २४एच२, २५एच२ अशी नावं असतात, आणि होम-प्रो वाल्यांना प्रत्येक आवृत्तीला फक्त २४ महिने सपोर्ट मिळतो. २३एच२ नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, २४एच२ ची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत, २५एच२ ची ऑक्टोबर २०२७ पर्यंत. त्यामुळे 'माझ्याकडे विंडोज ११ आहे, मला काळजी नाही' असं म्हणून चालत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट, तिथे आवृत्ती लिहिलेली असते, एकदा बघून घ्या.

माझा लॅपटॉप २०१८ चा आहे, आय५, आठ जीबी रॅम, मस्त चालतो, मग विंडोज ११ का घेत नाही?

कारण रेघ वेगावर मारलेली नाहीये, पिढीवर मारलीये. विंडोज ११ ला चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा एवढंच लागतं, पण त्याबरोबर टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप, सिक्युअर बूट आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ही यादी, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. पिढी कशी ओळखायची? आय५ नंतरचा आकडा बघा. आय५-७२००यू असेल तर सातवी पिढी, बाहेर. आय५-८२५०यू असेल तर आठवी, आत. दोन्ही प्रकारचे लॅपटॉप २०१८ मध्ये एकाच दुकानात, एकाच शेल्फवर मिळत होते, किमतीतही फार फरक नव्हता, आणि घेणाऱ्याला कळायचं काही कारण नव्हतं की यातल्या एकाची वाट तीन वर्षांनी बंद होणार आहे.

एएमडीमध्ये आणखी गोंधळ. रायझन २००० सिरीज चालते असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते डेस्कटॉपच्या २६०० सारख्या चिपबद्दल. लॅपटॉपमधली रायझन ५ २५००यू यादीत नाही, कारण आकडा २००० चा असला तरी आतली रचना पहिल्या पिढीची आहे.

कधी कधी प्रोसेसर यादीत असतो आणि तरी नकार येतो, तेव्हा बहुतेक वेळा टीपीएम बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलमध्ये ते पीटीटी नावाने असतं, एएमडीमध्ये एफटीपीएम. ते चालू केलं की काम होतं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट ॲप आहे, ते नेमकं कुठे अडतंय ते सांगतं. आधी ते चालवा, मग नवीन लॅपटॉपच्या किमती बघायला घ्या.

युट्युबवर दाखवतात तसं जबरदस्तीने विंडोज ११ टाकलं तर?

होतं. रुफस नावाच्या टूलने पेनड्राइव्ह बनवला तर टीपीएमची अट गाळता येते आणि चौथ्या-पाचव्या पिढीच्या मशीनवरही विंडोज ११ चालते. पण दोन गोष्टी समजून करा. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहिलंय की अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी नाही. आज महिन्याचे अपडेट येतात, पण वर्षाची मोठी आवृत्ती बऱ्याचदा आपणहून येत नाही, ती पुन्हा हातानेच चढवावी लागते, आणि मघाशी सांगितलं तसं दर आवृत्तीला दोनच वर्षं आहेत. दुसरं म्हणजे २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना लागतातच, त्याला पळवाट नाही, त्यामुळे कोअर २ ड्युओ काळातली मशीन कायमची बाहेर.

ज्याला स्वतःला हे सगळं सांभाळता येतं त्याने खुशाल करावं. पण आईबाबांच्या किंवा शेजारच्या काकांच्या मशीनवर हे करून देऊ नका, कारण दोन वर्षांनी तिथे अपडेट अडकेल तेव्हा तुम्ही बंगळुरूला असाल आणि त्यांना कळणारही नाही की काही अडकलंय.

मग विंडोज १० वर राहून काही सोय आहे का?

आहे, आणि ती अनेकांना माहीतच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ईएसयू नावाची योजना आहे, म्हणजे वाढीव सिक्युरिटी अपडेट, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तीन मार्ग आहेत: ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट वापरा, किंवा विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज सिंक करा, आणि हा तिसरा मार्ग फुकट आहे. सिंक फक्त सेटिंग्जचं केलं तरी चालतं, सगळे फोटो वनड्राइव्हवर चढवायची गरज नाही, तिथे फुकटात पाचच जीबी मिळतात आणि ते लगेच भरून जातात.

करायचं असं: विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी, मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं, मग सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात विंडोज अपडेट, उजवीकडे किंवा खाली एनरोल नाऊ अशी लिंक दिसते. दिसत नसेल तर आधी सगळे राहिलेले अपडेट टाकून मशीन रिस्टार्ट करा. उशिरा नोंदणी केली तरी मधल्या महिन्यांचे अपडेट मिळतात. एका अकाउंटवर दहापर्यंत मशीन बसतात, म्हणजे अख्ख्या घराचं होतं. युरोपात, म्हणजे जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडला राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर बॅकअपची अटही नाही.

कंपन्यांसाठी वेगळा हिशोब आहे, पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. दुसऱ्या वर्षी शिरलात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. छोट्या ऑफिसने हा आकडा नव्या मशीनच्या किमतीशेजारी ठेवून मगच ठरवावं.

यात फक्त सिक्युरिटीच्या दुरुस्त्या मिळतात, नवीन काही नाही. मला विचाराल तर जुन्या मशीनला तेवढंच हवं असतं.

चांगला अँटिव्हायरस टाकला तर अपडेटशिवाय चालेल ना?

चालणार नाही. विंडोजमधला डिफेंडर स्वतः ऑक्टोबर २०२८ पर्यंत विंडोज १० वर नवीन व्हायरसच्या खुणा घेत राहणार आहे, त्यामुळे त्या बाबतीत पैसे घालवायची गरजच नाही. पण अँटिव्हायरस आत आलेली फाइल ओळखतो, सिस्टिममधलं भोक बुजवत नाही.

मे २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस आठवा. त्यात कुणाला फाइलवर क्लिकही करावं लागत नव्हतं, नेटवर्कवरून एका मशीनमधून दुसऱ्यात आपणहून पसरत होता, ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांचं काम त्यात बंद पडलं. मायक्रोसॉफ्टला तेव्हा तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठी सुद्धा खास दुरुस्ती काढावी लागली. आणि लागण झालेल्यांत सगळ्यात जास्त मशीन विंडोज ७ ची होती, जिचा सपोर्ट तेव्हा चालू होता आणि दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच येऊन बसली होती, लोकांनी ती टाकली नव्हती. म्हणून ज्यांचा सपोर्ट अजून चालू आहे त्यांनाही सांगतो, अपडेट पुढे ढकलायचं बटण दाबत राहू नका, रात्री झोपताना लावून ठेवा.

ब्राउझर अपडेट होतोय म्हणजे बँकेचं काम सुरक्षित आहे का?

अर्धं उत्तर हो. सिस्टिमचा सपोर्ट संपल्यावर ब्राउझर काही वर्षं साथ देतात. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला, क्रोमने ती फेब्रुवारी २०२३ मध्ये सोडली, क्रोम १०९ ही तिथली शेवटची आवृत्ती. विंडोज १० वर एज निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. तोवर साइट उघडतील. पण पासवर्ड आणि ओटीपी शेवटी ज्या सिस्टिमवर टाइप करताय तीच जुनी असेल तर ब्राउझर एकटा काय करणार. बँक, इन्कम टॅक्स, डीमॅट ही कामं अपडेट चालू असलेल्या फोनवर करा आणि जुन्या मशीनवर पिक्चर बघा, टायपिंग करा.

ऑफिसचं काय?

ऑफिस २०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट विंडोज १० बरोबरच, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्गणीवालं मायक्रोसॉफ्ट ३६५ विंडोज १० वर सिक्युरिटी अपडेट घेतं ते ऑक्टोबर २०२८ पर्यंत. फुकट हवं असेल तर लिब्रेऑफिस टाका, युनिकोड मराठी त्यात नीट चालते.

सिक्युअर बूटची सर्टिफिकेट संपतायत म्हणतात, ते काय आहे?

मशीन चालू होताना खरी विंडोजच सुरू होतेय ना हे तपासायला बायोसमध्ये मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेट साठवलेली असतात. ती २०११ ची आहेत आणि जून २०२६ पासून त्यांची मुदत संपायला लागते. त्यांच्या जागी २०२३ ची नवीन सर्टिफिकेट विंडोज अपडेटमधूनच येतायत. लॅपटॉप चालू व्हायचा थांबणार नाही, घाबरू नका, पण जिथे नवीन सर्टिफिकेट पोचलं नाही तिथे सुरुवातीच्या टप्प्याचं संरक्षण पुढे अपडेट होणार नाही. विंडोज १० वाल्यांना ते ईएसयूमध्ये असतील तरच मिळेल. नोंदणी करायला हे आणखी एक कारण.

मॅक जास्त वर्षं चालतो हे खरं का?

मशीन म्हणून चालतो, अपडेटच्या बाबतीत नशीब बघावं लागतं. ॲपल आधीपासून तारीख लिहून देत नाही. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला नवीन मॅकओएस येते, तेव्हा यादी बघायची आणि आपलं मॉडेल आहे का ते शोधायचं. यादीतून बाहेर पडलात तरी, आतापर्यंतच्या वहिवाटीप्रमाणे, जी शेवटची आवृत्ती तुमच्यावर चढली तिला आणखी साधारण दोन वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळतात.

आत्ता सगळ्यात जास्त फटका इंटेलवाल्या मॅकना बसलाय. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःची एम१ चिप आणली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस असं जाहीर केलं. त्या टाहोतही चारच इंटेल मॉडेल घेतली: १६ इंची मॅकबुक प्रो २०१९, चार पोर्टवाली १३ इंची मॅकबुक प्रो २०२०, आयमॅक २०२० आणि मॅक प्रो २०१९. २०२० ची इंटेल मॅकबुक एअर गेली, आणि त्याच वर्षीची एम१ एअर राहिली.

माझ्या मते खरा अन्याय मॅक मिनीवाल्यांवर झाला. इंटेलवाला २०१८ चा मॅक मिनी ॲपल स्वतः जानेवारी २०२३ पर्यंत विकत होती. ज्याने तो २०२२ च्या शेवटी नवा कोरा घेतला त्याला तीन वर्षं व्हायच्या आतच टाहोने बाहेर ठेवलं. सिक्वोयावर, म्हणजे टाहोच्या आधीच्या मॅकओएसवर, त्याला सिक्युरिटी अपडेट मिळतात ते मिळतात, पण एवढे पैसे मोजून घेतलेल्या मशीनला एवढीच साथ हे मला पटत नाही. आणि हे पहिल्यांदा नाही झालं. पॉवरपीसी ही जुनी चिप सोडून इंटेलकडे जाताना पॉवर मॅक जी५ ऑगस्ट २००६ पर्यंत विकला गेला आणि ऑगस्ट २००९ च्या स्नो लेपर्ड या मॅकओएसने पॉवरपीसी वगळली, तेव्हाही तीनच वर्षं. कंपनी चिप बदलणार असं जाहीर झालं की त्यानंतर जुन्या चिपचं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही, हा नियम मी सगळ्यांना सांगतो.

ॲपलवाले 'व्हिंटेज' म्हणतात ते अपडेटबद्दल असतं का?

नाही, ते दुरुस्तीबद्दल. विक्री थांबल्याला पाच वर्षं झाली की व्हिंटेज, सात वर्षं झाली की ऑब्सोलीट, तेव्हा सर्व्हिस सेंटरला पार्ट मिळणं अवघड होतं. अपडेटची यादी पूर्ण वेगळी.

ओपनकोअर वापरून जुन्या मॅकवर नवीन मॅकओएस टाकावी का?

ओपनकोअर लेगसी पॅचर, म्हणजे यादीबाहेरच्या मॅकवर नवीन मॅकओएस चढवणारं टूल, चांगलं काम आहे आणि स्वयंसेवकांनी ते फार कष्टाने उभं केलंय. प्रत्येक अपडेटनंतर काहीतरी बिघडू शकतं आणि आपलं आपल्याला निस्तरावं लागतं, एवढी तयारी हवी. रोजीरोटीच्या मशीनवर नको.

क्रोमबुक घ्यावं का मुलाला?

अपडेटच्या बाबतीत क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, हा सगळ्यात स्वच्छ व्यवहार आहे. गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२१ पासून आलेल्या मॉडेलना दहा वर्षं आपोआप अपडेट मिळतील, आणि शेवटची तारीख प्रत्येक मॉडेलसाठी लिहिलेली असते. सेटिंग्जमध्ये अबाउट क्रोमओएस, त्यात ॲडिशनल डिटेल्स, तिथे ती दिसते. फक्त ही दहा वर्षंही प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही, म्हणून सेलमध्ये एकदम स्वस्त दिसलं तर आधी ती तारीख बघा. आणि मुलाला टॅली किंवा ऑटोकॅड शिकायचं असेल तर क्रोमबुक नको.

लिनक्स टाकलं तर किती वर्षं मिळतात, आणि घरच्यांना जमेल का?

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, मिंट, उबंटू, डेबियन हे तिचेच प्रकार. इथे माझं मत पक्कं आहे, विंडोज ११ न घेणाऱ्या बहुतेक घरगुती लॅपटॉपचं उरलेलं आयुष्य लिनक्समध्ये आहे. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. उबंटूच्या एलटीएस (लांब मुदतीच्या) आवृत्तीला पाच वर्षं, आणि उबंटू प्रो घरगुती वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट आहे, त्याने ती दहा वर्षं होतात, म्हणजे २४.०४ वाल्याला २०३४. डेबियनला एलटीएस धरून पाच वर्षं. मुदत संपली की पुढची आवृत्ती त्याच मशीनवर टाकायची, सातवी पिढी म्हणून कुणी अडवत नाही. अगदी ३२ बिट मशीन असेल तर मात्र गडबड आहे, डेबियन १३ ने त्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलंय, डेबियन १२ जून २०२८ पर्यंत चालेल.

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून तसंच चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, वेबकॅम, प्रिंटर, चारही तपासा. मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी टाका, तेवढ्या एका बदलाने मशीन ओळखू येणार नाही इतकं सुधारतं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत असतोच, आणि 'maza' सारखं रोमन टाइप करून मराठी उमटवण्याची सवय असेल तर त्याचीही सोय आयबस या लिनक्सच्या टायपिंग टूलमध्ये होते.

आता अडचणी, कारण त्या लपवून काही उपयोग नाही. टॅली थेट चालत नाही. जीएसटी, टेंडर यासाठी डिजिटल सहीची डोंगल वापरता तिथे विंडोजवरच सगळं सोपं जातं, लिनक्सवर जमतं पण डोकं खातं. श्रीलिपीवर (जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) काम करणाऱ्यांचं पुढच्या प्रश्नात बघा. बाकी ज्यांचं काम ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब, युट्युब, पीडीएफ आणि थोडं टायपिंग एवढंच आहे त्यांना, म्हणजे आपल्या बहुतेक काका-मावश्यांना, आठवडाभरात सवय होते. केरळमध्ये सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर चालतायत, मुलं त्यावरच शिकतात. आपल्याकडच्या शाळांच्या लॅबमध्ये बंद करून ठेवलेली मशीन बघितली की हेच डोक्यात येतं.

आमचं प्रेस आहे, पेजमेकर आणि श्रीलिपी एक्सपीवरच चालतं, बदलता येत नाही. काय करू?

महाराष्ट्रात अशी मशीन गावोगाव आहेत, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पावती पुस्तकं अजून त्यावर निघतात आणि जुन्या फॉन्टमधल्या हजारो फाइली कुणी युनिकोडमध्ये बदलत बसणार नाही. ते मशीन टाकू नका. इंटरनेटची केबल काढा, वायफाय बंद करा, ऑफिसच्या लॅनमधूनही बाहेर काढा (वॉनाक्राय लॅनवरूनच पसरला होता). फाइल आणायची ती एका वेगळ्या, अपडेट चालू असलेल्या मशीनवर आधी तपासून, एकाच ठरलेल्या पेनड्राइव्हने. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट त्यात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी. आणि अख्ख्या हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून ठेवा, कारण त्या वयाची डिस्क कधी जाईल सांगता येत नाही आणि डोंगलसकट सगळं परत बसवणारा माणूस दरवेळी सापडत नाही.

ग्राफिक कार्ड जुनं आहे, गेमिंगसाठी. त्याचीही मुदत असते?

असते. एनव्हीडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १००० सिरीजला गेमसाठीचे नवीन ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत मिळाले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सिक्युरिटीचे. आहेत ते गेम चालत राहतात.

सेकंड हँड किंवा रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताना काय बघू?

लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातलं एखादं दुकान असो किंवा ऑनलाइन, कंपन्यांमधून तीन-चार वर्षांनी निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक भरपूर मिळतात आणि बांधणीला नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा ते कितीतरी चांगले असतात. पण दुकानदार रॅम आणि एसएसडी सांगतो, पिढी सांगत नाही. ओळखीतल्या एका मुलीला इंजिनिअरिंगसाठी सहाव्या पिढीचा लॅपटॉप 'विंडोज ११ वाला' म्हणून विकला, चालू केला की खरंच विंडोज ११ दिसत होती, आणि ती अटी गाळून टाकलेली होती हे घरी येऊन मोठी आवृत्ती अडकल्यावर कळलं. म्हणून प्रोसेसरचा पूर्ण नंबर बिलावर लिहून घ्या, निदान आठवी पिढी, जमलं तर दहावीच्या पुढचं घ्या. पीसी हेल्थ चेक दुकानातच चालवा. मॅक असेल तर एम१ च्या खाली जाऊ नका.

कंपनीने किती वर्षं अपडेट द्यावेत असा कायदा आहे का?

आपल्याकडे लॅपटॉपसाठी नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात जुन्या मशीनच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकावर टाकलीये, ग्राहक खात्याचं राइट टू रिपेअर पोर्टलही आहे, पण अपडेटच्या वर्षांबद्दल बंधन नाही. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होतोय, त्यात सर्वसाधारणपणे निदान पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट द्यावे लागतील आणि सपोर्टची शेवटची तारीख विकतानाच सांगावी लागेल. आपल्याकडे दुसरी अट जरी आली, म्हणजे खोक्यावर एमआरपीच्या शेजारी 'अपडेट अमुक साली संपतात' एवढं छापलं, तरी लोकांचे केवढे पैसे वाचतील. ग्राहक पंचायतीने हा विषय हातात घ्यावा असं मला फार वाटतं.

काहीच जमत नसेल तर मशीन द्यायचं कुठे?

आधी डेटा पुसा, नुसतं डिलीट करून नाही, विंडोजच्या रिसेटमध्ये ड्राइव्ह क्लीन करायचा पर्याय असतो तो निवडा, त्याला काही तास लागतात. चालू मशीन असेल तर लिनक्स टाकून ओळखीच्या शाळेला, अभ्यासिकेला विचारा, चार्जरसकट द्या. बंदच असेल तर रॅम आणि डिस्क काढून घ्या आणि उरलेलं अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, भंगारवाल्याकडे नको, बॅटरी फुगलेली असेल तर ती वेगळी आहे हे देताना तोंडाने सांगा.